लोणीखोलीच्या दारापुढची खुर्ची

— नाही नाही, इकडे नाही, डावीकडचं दार. इकडे काहीही नाही. आणि आत गेल्यावर साखळी ओढू नका, साखळीच्या दुसऱ्या टोकाला काही नाहीये, ती आपली शोभेला; बादली भरून ठेवलीय, ती ओता. जा, निवांत जा, मी इथेच आहे, मी काही या खुर्चीवरून हलत नाही —

— झालं? हात त्या टॉवेलला पुसा. हो, तोच, भरतकामाचा. पुसायलाच ठेवलाय, नाहीतर बाहेर कशाला काढला असता? — खरं म्हणजे नुसता बघायला ठेवलाय, आजवर त्याला ओला हात लागलेला नाही, पण पुसलेत तर पुसलेत, आमदाराच्या हाताने टॉवेल झिजणार थोडाच. आणि बूट दाराशी काढलेत, हे मात्र शहाण्यासारखं केलंत. बाकीचे सगळे चिखलाचे पाय घेऊन माझ्या फरशीवरून गेले — माझ्या म्हणजे गावाच्या. बसा त्या स्टुलावर. तुमची मंडळी अजून शेजारी चर्चच्या तळघरात ड्वेनची रंगीत चित्रं बघताहेत, ती काही इतक्यात संपायची नाहीत. ड्वेन म्हणजे ड्वेन क्वामे, आमचा नगराध्यक्ष — ट्रॅक्टरचे सुटे भाग विकता विकता नगराध्यक्ष झाला, अजूनही भाषण करताना गिऱ्हाइकाला नट-बोल्ट दाखवावा तसा हात पुढे धरतो. मी आर्डिस टोलेफ्सरूड. आडनाव म्हणायचा प्रयत्न करू नका, जीभ दुखेल, नुसतं आर्डिसबाई म्हणा. कॉफी घेता?

— अरे! पहिल्या विचारण्यालाच हो? शहरातले, मिनियापोलिसचे ना तुम्ही? वाटलंच. अहो, आमच्या ब्रेकेडालमध्ये असं नसतं, आम्ही सगळी नॉर्वेहून आलेल्यांची पोरं. कॉफी विचारली की पहिल्यांदा म्हणायचं, नको नको, कशाला उगाच त्रास. दुसऱ्यांदा विचारली की म्हणायचं, नको हो, खरंच, आत्ताच घेऊन निघाले. मग विचारणारीने तिसऱ्यांदा विचारायचं — विचारायचंच, नाही विचारलं तर तिच्या आईचं नाव निघतं — आणि मग म्हणायचं, बरं, अर्धा कप द्या, केलीच आहे तर वाया नको. आणि मग पोट डब्ब होईपर्यंत प्यायची. पहिल्या खेपेला हो म्हणणारा माणूस आमच्याकडे एकतर उपाशी असतो, नाहीतर स्वीडिश. — हसा, हसा, हसायला पैसे पडत नाहीत, तुमच्या समितीची मंजुरीही लागत नाही. ही वडी घ्या. रूबार्बच्या देठांची आहे, मूळची इतकी आंबट की डोळे मिटतात, म्हणून साखर अशी घालायची की पुन्हा उघडतात.

तर तुम्ही ते कर्ज काढून वाटणारे. मला समजावू नका, मला सगळं ठाऊक आहे. आठवीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण या गावच्या वाचनालयात असं एक कपाट नाही ज्याच्यापुढे मी उभी राहिले नाही — तुमचा कायदाही वाचलाय, झोप येईपर्यंत नाही, शेवटापर्यंत. राज्याने रोखे विकायचे, लोकांचा पैसा उचलायचा, मग वर्षानुवर्षं तो फेडत बसायचं, आणि हाती आलेलं गावोगावच्या पुलांना, गटारांना, पडक्या इमारतींना वाटायचं — कोणाला द्यायचं ते तुम्ही ठरवणार. आणि ते ठरवायला, झाडांची पानं लाल व्हायला लागली की तुम्ही सगळे एका बसमध्ये बसून राज्यभर हिंडता, आणि प्रत्येक गाव आपलं गळू उघडं करून रस्त्यात उभं राहतं — बघा हो, किती पिकलंय! जत्रेत गाय दाखवतात ना, तसंच, पण उलटं. गाय दाखवायची तर आदल्या दिवशी धुतात, शेपटी विंचरतात. तुमच्या जत्रेत जी जास्त शेणाने माखलेली, तिला पहिलं बक्षीस.

काल पलीकडच्या गावात, सेंट ओडिलोला होतात ना? कळलं मला. इथे कोणी शिंकलं तरी पलीकडच्या गावात 'देव भलं करो' म्हणतात. बर्फावरच्या हॉकीचं मैदान हवंय त्यांना. छताखाली पातेली मांडून ठेवली होती म्हणे, आणि ती पातेली गळतीसाठी आणली की गळती पातेल्यांसाठी, हे देवालाच माहीत. पोरींना फाटके हातमोजे घालून उभं केलं, आणि एक आजोबा रडले. रडले! गेल्या खेपेला गटारासाठीसुद्धा तेच आजोबा रडले होते. आणि मिळालं गटार! आता मैदानही मिळेल. ते कॅथलिक आहेत हो, त्यांना लहानपणापासून गुडघे टेकायची सवय. आम्ही लुथरन, आम्ही देवाकडे मागायला जातो तेव्हासुद्धा मागच्या बाकावर बसतो, न जाणो, त्याला वाटायचं काहीतरी मागायला आलेत —

— काय? कसला आवाज? मला नाही आला. — टप टप? मग घड्याळ असेल. — भिंतीवर नाहीये ते खरं, आत असेल. या दारामागे कोळशाची खोली आहे. पूर्वी होती. वडी खा, गार होते. म्हणजे गारच असते, पण खा.

काय सांगत होते? हां, हा कारखाना. आमचा सहकारी लोणी कारखाना, गावातल्या गवळ्यांनी स्वतःच्या गायींवर उभा केलेला, एकेक वीट दुधाची म्हणा ना. मग मोठी कंपनी आली, टँकर लावला, दूध शंभर मैल लांब जायला लागलं, आणि ही इमारत गावाच्या पदरात पडली — कशी? तर कोणालाच नको होती म्हणून. आता ड्वेनची योजना अशी, खाली दवाखाना, आणि वर, जिथे लोण्याच्या पेट्या रचायचे तिथे, म्हाताऱ्यांसाठी खोल्या. प्रत्येक खोलीला नदीकडे खिडकी, आणि लिफ्ट. चित्र बघितलंत ना? कोण जाणे कुठल्या शहरातल्या मुलाने काढलंय, इमारतीपुढे फुगे घेऊन माणसं चाललीत! मी जन्मभर या गावात आहे, इथे फुगा घेऊन चालणारा मोठा माणूस मी पाहिलेला नाही, दिसला तर आम्ही त्याच्या घरच्यांना फोन करू. आणि त्या म्हाताऱ्यांचे गुडघे बघा, सरळ! असे गुडघे असते तर लिफ्ट कशाला मागितली असती?

पण निम्मा पैसा आम्ही जमवलाय, ऐकून ठेवा. फुकटे नाही आम्ही. माजी सैनिकांच्या हॉलमध्ये दर शुक्रवारी मांसाची सोडत लावली — तिकीट घ्यायचं, चक्र फिरवायचं, नंबर लागला तर डुकराच्या बरगड्या नाहीतर बेकनची लादी घरी. दोन हिवाळे सबंध गाव बेकनवर जगलं. डॉक्टर म्हणाला, अरे, असेच खात राहिलात तर दवाखाना होईपर्यंत पेशंट उरायचा नाही. त्यालाच तीनदा सोडत लागली, तीनही वेळा घेऊन गेला, परत दिली नाही.

तर ड्वेन म्हणाला — हे महिन्यापूर्वी — आर्डिस, समिती येतेय, मेहेरबानी कर, इथे हात लावू नकोस. कबुतरांची घाण आहे तशी राहू दे, फुटक्या काचा राहू दे, भिंतीवरचं शेवाळ राहू दे. त्यांना जे दिसेल त्याचेच पैसे मिळतात. मी म्हटलं, ड्वेन, तुझ्या आईला मी ओळखत होते, तिने तुला असा वाढवला नाही. चाळीस पाहुणे घरात येणार आणि तू त्यांना कबुतरांची विष्ठा दाखवणार? तो म्हणाला, हे घर नाही, पडकी इमारत आहे. बोलून चालून ट्रॅक्टरवाला! तो वळला आणि मी व्हर्नाला फोन केला — व्हर्ना म्हणजे माझी शेजारीण, बोलते कमी पण घासते फार — आणि तिने चर्चच्या बाकीच्या बायकांना. घासलं आम्ही. खरवडलं. पुढच्या भिंतीला रंग दिला, काचा बसवल्या, पडदे लावले, त्या कुंड्या व्हर्नाच्या. फरशीला मेण लावलं. ड्वेन आज सकाळी आला, दारातच उभा राहिला आणि म्हणाला, 'अगं बाई, हे काय केलंस.' मला वाटलं कौतुक करतोय.

मग तुम्ही आलात. तुमच्या समितीच्या अध्यक्षबाई, त्या लाल कोटवाल्या, इथे मधोमध उभ्या राहिल्या, चहूकडे पाहिलं, छातीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, 'किती सुरेख ठेवलंय तुम्ही! अशा गावाला आमची गरजच काय!' आणि ड्वेनचा चेहरा असा झाला — उकळत्या दुधात लिंबू पिळावं तसा. आणि मी काय केलं असेल? मान खाली घालून म्हटलं, 'आभारी आहे.' आनंद झाला हो मला! त्या क्षणी तर फार झाला. उतरला नंतर. तुम्ही सगळे बाहेर पडलात आणि मी या खुर्चीवर बसले, तेव्हा उतरला.

— हा आवाज? हा कबुतराचा नाही. पाइपातून वारा जातो, तो घुमतो. — अहो, झाडूंची खोली आहे ती. — कोळसा म्हणाले होते का? मग कोळसा आणि झाडू. तुम्ही वकील का हो? वाटलंच. बाईमाणसाला एक वाक्य दोनदा म्हणायला लावता.

माझा नवरा इथेच काम करायचा. ऑर्लिन. लोणी काढायचा. ही माणसं म्हणतात कारखाना, पण लोणी काढणारा खरा एकच असतो, बाकीचे डबे उचलतात. सगळा जन्म त्याचा या दारामागे गेला — म्हणजे तिकडे, त्या बाजूला कुठेतरी. आमचं जमलं कसं, सांगू? तुम्हाला वेळ आहे, अजून टाळ्या वाजलेल्या नाहीत. मी तरुणपणी दूधकन्या होते, गवळ्यांच्या पोरींतून दरवर्षी जत्रेसाठी एक निवडतात ती. दात काढू नका, खरंच होते. जत्रेत काचेच्या थंडगार खोलीत बसवून माझं मुंडकं लोण्यात कोरलं होतं, हुबेहूब, नाकासकट, आणि हे नाक तेव्हाही एवढंच होतं. ते घरी आणलं, बर्फपेटीत जपलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात गावजेवणाला कणसांना लावायला काढलं. कान गेले, केस गेले, हनुवटी गेली, नाक राहिलं — शेवटचा तुकडा आमच्याकडे कोणी घेत नाही, जीव गेला तरी नाही, सगळे सुरी घेऊन भोवती उभे आणि 'तुम्ही घ्या', 'छे, तुम्ही घ्या'. तेवढ्यात हा ऑर्लिन आला, म्हणाला, 'मला हवंय', आणि सबंध नाक कापून आपल्या कणसावर फासलं. सगळ्यांच्या सुऱ्या हवेतच. म्हटलं, हा माणूस निर्लज्ज आहे, याच्याशीच लग्न करावं.

तो मागायचा. तोंड उघडून सरळ मागायचा — मीठ दे, कुशीवर वळव, जवळ बस. आमच्या घरात तेवढं एकच तोंड होतं मागायला. आता — आता काय, माझं मस्त चाललंय. मुलगी आहे ना. रेने. तिकडे वाळवंटात, ॲरिझोनाला असते, फिनिक्सला. माझ्यासाठी खोली करून ठेवलीय, व्यायामाचं यंत्र भिंतीकडे सरकवून. पाहून आले मी. तिथे अंगणात गवत नाही, खडी पसरलेली, आणि ती खडी माणूस लावून विंचरून घेतात! नदी आहे, पण पाणी नाही तिच्यात, नुसतं नदी म्हणतात. शेजारीण म्हणाली, 'काही लागलं तर सांगा', आणि मी पहिल्यांदा नको म्हटलं तर ती निघूनच गेली. खरंच गेली हो. पुन्हा आली नाही. मी आपली दारात उभी.

आणि घर तर मी विकलंच — गुडघ्यांमुळे, दुसरं काही नाही, जिना आहे ना. खोकी भरून तयार आहेत. फक्त वर पत्ता लिहायचा राहिलाय. व्हर्ना म्हणते, माझ्या सोफ्यावर ये, वरच्या खोल्या होईपर्यंत. आता खोल्या होणार असतील तर मी सोफ्यावर दोन वर्षं काढीन, तीन काढीन, तिच्या मांजरासकट काढीन. पण होणारच नसतील तर सोफ्यावर बसून मी वाट कशाची बघू? — मी हे तुम्हाला का सांगतेय? तुमचाच दोष आहे. तुम्ही गप्प बसता. आमच्याकडे गप्प बसायचं काम माझं असतं — बरं, नसतं, पण आज असायला हवं होतं. कप इकडे करा. — हं, एवढी पुरे? बघा, एका नकाराने मीही थांबले. तुमचा गुण लागला.

— उठू नका, कशाला उठताय? दाराला कान लावायचं काय कारण? — हो. — हो, पाणी आहे. रात्री पाऊस झाला. — कोळसा नाही, झाडूही नाही. लोणीखोली आहे ती. झालं समाधान? छत कोसळलंय तिचं, गेल्या हिवाळ्यात, बर्फाच्या ओझ्याने. ड्वेनला तीच तर दाखवायची होती! सकाळपासून मागे लागला होता, आर्डिस, सगळ्याची वाट लावलीस, निदान लोणीखोली तरी उघड, तेवढी बघितली तरी पैसे मिळतील. मी म्हटलं, किल्ली हरवली. गावभर शोधली त्याने. तळघरात आत्ता तो जो लंगडतोय ना, तो किल्ली शोधताना जिन्यावरून पडला म्हणून. आणि किल्ली इथे. माझ्या एप्रनच्या खिशात. मघापासून बोचतेय.

असं बघू नका माझ्याकडे. तुम्ही सगळे आत गेला असतात. ऑर्लिनच्या पांढऱ्या फरश्या, रोज रात्री तो गरम पाण्याने धुवायचा, म्हणायचा, यांच्यावर जेवता आलं पाहिजे — त्यांच्यावर आता हिरवं पाणी साचलंय. त्याची मंथनी, लोणी घुसळायचं पिंप, चार माणसं मावतील एवढं, आडवं पडलंय आणि त्यात कबुतरं नांदताहेत. हो, कबुतरंच, वारा नव्हता तो. आणि वर सरळ आकाश. चाळीस माणसांनी आत जायचं, फोटो काढायचे, 'अरेरे' म्हणायचं, आणि बसमध्ये बसून वड्या खायच्या! ऑर्लिन शेवटी अंथरुणाला खिळला होता, तेव्हा कोणी भेटायला आलं की मी आधी त्याची दाढी करायचे, केस विंचरायचे, धुतलेला शर्ट घालायचे, आणि मग दार उघडायचे. पाहुण्यांना दारात उभं ठेवायचे, थंडीत, पण तसा तो कोणाला बघू दिला नाही. एकदासुद्धा नाही. मग आज कसा बघू देऊ?

— काय म्हणालात? सरळच विचारता? 'आर्डिसबाई, तुम्हाला हे पैसे खरंच हवेत का?' — छे! नको हो. आमचं काय अडलंय. तुमच्यामागे मोठमोठे पूल आहेत, गटारं आहेत, सेंट ओडिलोचे आजोबा आहेत. आम्हाला कशाला.

— ऐकलं मी, बहिरी नाहीये. नको म्हटलं ना. खरंच नको. भागतंय आमचं.

— मी बसलेय अजून इथेच. मला काही घाई नाही.

— हां, हॉर्न. तुमचीच बस. ड्वेनची चित्रं संपली वाटतं, टाळ्या काही ऐकू आल्या नाहीत. — निघालात? बूट तिथे आहेत. — थांबा. नाही, काही नाही, जा. — वडी राहिली, शेवटची, घ्या, तुम्ही घेऊ शकता, तुम्हाला कुठे काय माहीत. — अहो, पण ऐका. मघाशी कॉफीचं मी तुम्हाला काय सांगितलं होतं? — आठवा जरा. — नाही, ते रूबार्बचं झालं, त्याच्या आधी. किती वेळा विचारायचं म्हणाले होते? — नाही आठवत? आणि तुम्ही राज्य चालवता!

बरं. आता नीट ऐका. मी काही मागत नाहीये. उद्या राजधानीत कोणी विचारलं तर सांगायचं, आर्डिस टोलेफ्सरूडने काहीही मागितलं नाही, शपथ घेऊन सांगायचं. माझे पाय आखडलेत, म्हणून मी या खुर्चीवरून उठतेय. बाकी काही नाही. खुर्ची वाटेत येते, म्हणून बाजूला ओढतेय. आणि ही किल्ली खिशात बोचतेय, म्हणून इथे ठेवली, वडीशेजारी. दार जरा फुगलंय, खांदा लावावा लागतो — हे मी आपलं सहज सांगितलं.

मी कप विसळायला चाललेय. मला इकडे पाठ करूनच उभं राहावं लागतं, बादली तिकडे आहे. वाजू दे हॉर्न, ड्रायव्हर काही आमदाराला टाकून जात नाही. आणि बूट घाला आधी, आत पाणी आहे.

— अजून उभेच? माझ्याकडे काय बघताय? दार तिकडे आहे.